शेअरबाजाराच्या पुस्तकानं मोडता मोडता राहिलेली सोयरीक

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर, संतोषदादावर. गेल्या माघातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, सांगवीत, आमच्याच हॉलमध्ये, पोह्यांच्या बशीसमोर. अन्याय करणारं एक पुस्तक होतं. मी फक्त त्याचा प्रचारक.

मी मूळचा पत्रकं काढणारा माणूस. फाट्यावर एसटी थांबत नाही? काढ पत्रक! रस्त्यात खड्डा? काढ पत्रक! (खड्डा अजून आहे. पत्रकं संपली.) त्यामुळं बारामतीच्या स्टँडबाहेर फूटपाथवर शेअरबाजारात पैसा कसा करावा हे सांगणारं जाडजूड पुस्तक निम्म्या किमतीत दिसलं, तेव्हा मी ते घेतलं ते भांडवलदारांचं कारस्थान उघडं पाडायलाच. तिसऱ्या प्रकरणापर्यंत मीच भांडवलदार झालो! फक्त भांडवल नव्हतं. शेअर घ्यायला पैसे नाहीत, डीमॅट खातं नाही. मग एवढं ज्ञान लावायचं कशाला? घरात बाजारात उतरवण्यासारखा एकच माल होता. दादा.

दादाचं लग्न जमत नव्हतं. डेअरीत नोकरी, थोडा ऊस, स्वभाव गरीब, तरी मुलीकडचे घर बघायला यायचे आणि विचारायचे, "पुण्यात फ्लॅट हाय का?" आमचे वडील, तात्या, त्यांच्या पुढंपुढं करायचे आणि पाहुणे "कळवतो" म्हणून कायमचे जायचे. अशात बावड्याच्या अश्विनीचं स्थळ आलं. ती इंदापुरात मेडिकल दुकानात फार्मासिस्ट. तिचा फोटो बघितल्यापासून दादा दुधाच्या कॅनला झाकण लावायचं विसरत होता. हे स्थळ हुकलं तर पुन्हा लग्नाचं नाव काढू नका, असं त्यानं आईला सांगूनच टाकलेलं.

"तात्या, तुमचं हितंच चुकतंय," मी पुस्तक टेबलावर आपटून म्हणालो. "गरज दाखवली की भाव पडतो. तोंडावर काय बी दिसता कामा न्हाय!"

"म्हंजी हसायचं न्हाय?"

"अजिबात!"

"'या, बसा' तरी म्हणू का?"

"'बसा' म्हणा. 'या' नको. लई उतावीळ वाटतं."

"आन जेवायचा आग्रह?" आईनं विचारलं.

"न्हाय म्हंजी न्हाय! आणि स्टॉपलॉस लावायचा. म्हंजी बोलणी बिनसायला लागली, की जास्त नुकसान व्हायच्या आत बाहेर पडायचं. मी खोकलो, की तात्यांनी 'बघू, कळवतो' म्हणून उठून जायचं."

"आपल्याच घरातनं उठून जायचं कुठं?" तात्यांनी विचारलं.

(पुस्तकात यावर काही नव्हतं.)

रविवारी अश्विनी आली, तिचे वडील आबा आले, चार सोयरे आले. तात्या "बसा" म्हणाले ते अशा आवाजात, की आबा पोलीस चौकीत आल्यासारखे टेकले. पोहे आले. आबांनी घास घेतला. चेहरा दगड! आमचेही दगड. एरवी पाहुणे "फरशी झ्याक हाय" एवढं तरी म्हणतात. यांनी फरशीकडं बघितलंसुद्धा नाही.

"ऊस?" आबा.

"हाय," तात्या.

"बरं."

"पोरगी शिकलीय?" तात्या.

"हाय."

वर पंखा तेवढा बोलत होता. मी मनातून खूश, भाव चढतोय! दादाला मी अश्विनीकडं बघायची बंदी केलेली. तो बिचारा भिंतीवरचं कॅलेंडर पाठ करत होता.

शेवटी आबांनी बशी खाली ठेवली. "तर मग... आमचं म्हणणं असं हाय..." होकार त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला! आणि नेमकं तेव्हाच आईला राहवलं नाही. पाहुणे न जेवता जाणार, ही कल्पनाच तिला सोसेना. आग्रह करायचा नव्हता, पण ठेचा करायला काय हरकत, म्हणून तिनं तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या.

मिरच्यांचा झोंबरा धूर हॉलमध्ये आला. मी खोकलो.

तात्या ताडकन उठले. "बघू, कळवतो!" म्हणाले, चप्पल घातली आणि निघाले.

"तात्या, हा ठसका..." पण पुढचं सगळं खोकल्यात गेलं. माझ्या प्रत्येक खोकल्याला तात्यांचा वेग वाढत होता! बघता बघता ते गोठ्यात दिसेनासे झाले. मग आबा खोकले, सोयरे खोकले, बशीतले पोहे उडाले.

"अपमान करायला बोलावलं व्हय आमाला?" आबा डोळे पुसत कडाडले. "घरमालकच पळून गेला! चला रं!"

दादानं पहिल्यांदाच कॅलेंडरवरची नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. "बारक्या, माझं लगीन हुतं हे. तुझं पत्रक न्हवं."

अश्विनी तेवढी नाकाला पदर लावून खिडकी उघडायला गेली. खिडकीत पुस्तक होतं. तिनं ते उचललं, उलटसुलट करून बघितलं.

"हे कुणाचं?"

मी खोकत हात वर केला.

ती हसायला लागली ती थांबेचना. "आबा, बसा खाली! यांच्याकडं पण तेच पुस्तक हाय!"

झालं होतं असं, की तिनं आठवडाभर तिच्या माणसांना पढवलं होतं. हसायचं नाही, कौतुक करायचं नाही, समोरच्याला आधी बोलू द्यायचं. प्रकरण तिसरंच!

"म्हंजी पोहे लई आवडले, हे आता सांगू का मी?" आबांनी लेकीला विचारलं.

"सांगा की!"

"आन पोरगा बी आवडला. पर आधी त्या घरमालकाला बोलवा. आन ठेचा झाला का बघा!"

तात्या गोठ्यात पेंडीच्या पोत्यावर बसले होते. म्हशीसमोरसुद्धा चेहरा दगड. म्हणाले, "हसू का आता?"

लोक विचारतात, असली पुस्तकं वाचावीत का? जरूर वाचावीत, फक्त समोरच्यानं वाचलेली नसावीत! पण स्टँडबाहेर त्याच पुस्तकाची कमरेएवढी थप्पी होती. जिंकायचं एकच गुपित सौद्यातल्या दोन्ही बाजूंच्या खिशात घालणारी ही उघड फसवणूक आहे आणि मी तिचा जाहीर निषेध करतो!

आता अश्विनीवहिनी घरात आहे, पुस्तकाच्या प्रती दोन आहेत, आणि बाजारात उतरवायला राहिलेला माल म्हणजे मी. आलेली स्थळं वहिनी शांतपणे परत पाठवते. "थांबा भावजी, अजून तेजी यायची हाय!"

तेव्हा वाचकहो, माझी मागणी एकच आणि तातडीची. दोन्ही प्रती घेऊन जा, फुकट! येताना एखादं स्थळ आणा, आणि दारातच मोठ्यानं हसा. वहिनी आतून यायच्या आत मी हो म्हणून टाकतो!