हळद लावलेला हॅम

मटणाला गूळ लावतात हे मला म्हातारपणी कळलं, तेही सुनेकडून. मी मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मटणातलं मला काही शिकवील असं माणूस सोलापुरात अजून जन्मायचंय, अशी माझी पक्की समजूत होती.

सून ख्रिस्ती. तिचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत होते. दर नाताळला ते स्वतः हॅम भाजायचे आणि लग्नानंतरही माझा मुलगा आणि ती नाताळला तिकडंच जायची, त्यामुळं तो प्रकार आमच्या घरात कधी आला नाही. यंदा उन्हाळ्यात तिचे वडील वारले. तिची आई मुलाकडं नाशिकला राहायला गेली आणि घराला कुलूप लागलं. डिसेंबरात एक दिवस मेथी निवडता निवडता पोरगी हळूच म्हणाली, "आई, यंदा नाताळ इथंच करू का? हॅम करून?"

"हॅम म्हंजे डुक्करच की!" आमचे मालक आतून ओरडले. एसटीतून रिटायर झाल्यापासून त्यांचे कान लईच तिखट झालेत. "तुमी काय करायचं ते करा. मी त्या टेबलाला बसायचा न्हाय."

पोरीचा चेहरा उतरला. मला वाटलं, एक माणूस नाही बसलं तर काय बिघडलं? मग तिनं सांगितलं. त्यांच्या घरात रीत होती, घरातली सगळी माणसं टेबलाशी आल्याशिवाय हॅमला सुरी लावायची नाही. एकदा तिचा भाऊ रुसून बसला होता, तर वडिलांनी सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं, पण कापला नाही. "बाबा बसले नाहीत, तर मी कापणारच नाही," ती मालकांबद्दल म्हणाली. "मग ते नुसतं मटण, आई. नाताळ नाही."

मी मालकांना दोनदा समजावलं. ते पेपर वाचत राहिले.

हॅम पुण्याहून आला, बर्फाच्या डब्यात. मी तर लहान पोरासारखी तिच्या मागं मागं. हे गुलाबी कसं? शिजवलेलं आहे म्हणतेस, मग परत भाजायचं कशाला? आणि गूळ? मटणाला गूळ लावलेला आमच्याकडं कुणी पाहिला तर म्हणतील, हिला वेड लागलं! ती हसत हसत सांगायची, पण निम्म्या प्रश्नांना तिच्याकडंही उत्तर नव्हतं. "पप्पा कुणाला स्वयंपाकघरात येऊच द्यायचे नाहीत. मी दारातून बघायचे."

नाताळच्या सकाळी ती दोघं चर्चला गेली. मालक हॉलमध्ये, स्वयंपाकघरात मी एकटी, समोर तो गोळा. झाकण काढून बघितलं. ना हळद, ना मीठ! म्हटलं, पोरगी घाईत विसरली. आमच्याकडं मटण घरात आलं की पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याला हळद-मीठ लागतं. मी दोन मुठी मीठ, चांगली हळद घेतली आणि सगळीकडून चोळून चोळून लावली. मनात म्हटलं, सासू असावी तर अशी.

ती आली, झाकण उघडलं आणि मटकन खाली बसली. "अहो आई! हा मिठात मुरवूनच येतो हो!"

मला आधी राग आला, तिचाच. सांगायचं नाही का, म्हणून. पण ती ओट्याला टेकून रडायला लागली आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. ती हॅमसाठी रडत नव्हती, हे मला कळत होतं. "मला येतच नाही त्यांच्यासारखं," एवढंच ती म्हणत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "खारवलेल्या चान्या आम्ही काय तशाच खायचो व्हय?" चान्या म्हणजे उन्हात वाळवलेलं मटण. ते रांधायच्या आधी पाण्यात ठेवून मीठ उतरवावं लागतं. हॅम खळखळून धुतला, पाण्यात बुडवला, पाणी बदललं, परत बदललं. एक कपचा काढून तिनं चाखला आणि मान हलवली. मीठ उतरलं, हळद मात्र हटेना. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या नवरीसारखा पिवळाधमक! ते बघून तिला रडता रडता हसू फुटलं.

मग तिनं वर शंकरपाळ्यासारख्या चिरा पाडल्या, प्रत्येक चौकटीत एक लवंग टोचली. गूळ, संत्र्याचा रस आणि मोहरीची पेस्ट आटवून मी हलवत राहिले. तिनं तो पाक ब्रशनं लावला, ओव्हनमध्ये ठेवला, काढून परत लावला. असा वास सुटला, काय सांगू! गुऱ्हाळाजवळून गेल्यासारखं. मी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले. पिवळा रंग तपकिरी झाला, चकाकायला लागला, कडा जराशा करपल्या.

टेबलावर हॅम ठेवला. मुलगा बसला, मी बसले, ती बसली. चौथी खुर्ची रिकामी. मुलगा म्हणाला, "काप गं, गार होतंय." ती जागची हलली नाही.

माझं डोकं फिरलं. मी हॉलमध्ये गेले. "अहो, तिला आता दुसरं घर आहे का नाताळ करायला? तिचा बाप गेलाय. तुमाला कळतंय का काय?"

"मी खानार न्हाय ते."

"खा म्हणतंय कोण? नुसतं बसा की!"

ते माझ्याकडं बघतच राहिले. बसायचं म्हणजे खायचंच, असं त्यांनी धरलं होतं. मग उठले, आपल्या ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली आणि येऊन बसले.

पोरीनं सुरी उचलली. दोनदा लावली, दोनदा निसटली. "मी कधी कापलाच नाही," ती पुटपुटली. "पप्पाच कापायचे."

मालकांनी हातातली भाकरी ताटात ठेवली, हात पुसले. "आण हिकडं," म्हणाले. जत्रेला बकरी कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ह्या मांसाला ते जन्मात शिवले नव्हते. त्यांनी हॅमचं ताट स्वतःकडं ओढलं, सुरी धरली आणि तिच्याकडं बघितलं.

"किती जाड कापू, पोरी?"

तिनं दोन बोटांत जरासं अंतर धरून दाखवलं.