केबलीतून आलेले नवरदेव

आमच्या समाजाची वधू-वर पुस्तिका छापायची होती. पोरांची माहिती अकोल्यात टाइप झाली आणि पोरींची अमरावतीत, माझ्या हातून. फ्लॉपी वाटेतच बिघडायची, म्हणून अकोल्याचे ऑपरेटर, बाळापूरचे एक भाई, अख्खा कॉम्प्युटरच चादरीत बांधून एसटीनं घेऊन आले. सोबत दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला, प्रिंटरच्या भोकात बसणारी जाडजूड केबल.

दोन्ही डबे शेजारी मांडले. समाजाचे सचिव असलेले काका समोर खुर्ची टाकून बसले आणि जोडायच्या आधी मला केबलीला हळदकुंकू लावायला लावलं. लावलं बापा, काय करता!

भाईंनी पोरं पाठवायला सुरुवात केली, तसा माझा पडदा विचारू लागला: एक नंबरची फाइल इथं आहेच, तिच्यावर लिहू? हो की नाही?

"ठहरो ताई," भाई म्हणाले, "दोनों तरफ एकच नंबर दिखते."

"मंग नाही दाबू काय?" मी विचारलं.

काका उसळले. "सोयरीक जोडून राहिलो आपण! पयलाच शब्द नाही कावून? सगळ्याईले होच म्हण!"

माझीही अक्कल चरायला गेली होती. दाबलं, सगळ्यांना हो. प्रत्येक पोरीच्या जागी तिच्या नंबरचा पोरगा येऊन बसला. पाच मिनिटांत सगळे नवरदेव आत आणि नवरी एकही शिल्लक नाही.

"पोरी कुठी गेल्या वं?" काका घामाघूम.

"तुमीच हो म्हणाले, काका. आता भोगा!"

कागदी फॉर्म जपून ठेवले होते म्हणून वाचलो. मी पुन्हा टाइप करायला बसले, आणि 'अपेक्षा'च्या रकान्यात तेच ते: नोकरीवाला हवा, शेतकरी नको. त्या वर्षांत पोरगा शेतकरी म्हटलं की पोरीवाले चहालाही थांबत नसत. माझा दादा वरूडला संत्र्याची बाग करायचा, चौतिशीला आला होता. त्याच्यासमोर किती कप तसेच गार झालेले मी पाहिले होते. असा संताप आला म्हणता! मग हातांना खाज सुटली. 'शेतकरी नको' मी एकेका फॉर्मातून गाळत गेले. माझ्या स्वतःच्या फॉर्मातही तेच होतं, बाबांच्या अक्षरात. तेही गाळलं.

पुस्तिका निघाली. शनिवारी वरूडला घरी गेले की मी आधी डाक पाहायची, दादासाठी कोणाचं पत्र आलं का म्हणून. पहिलं पत्र आलं ते माझ्यासाठी. तिवशाचा एक शेतकरी आईवडिलांना घेऊन पाहायला येतो म्हणत होता.

बाबा भडकले. "शेतकऱ्याले पोरगी देऊ काय मी? हिंमत कशी झाली याची!"

दादा ओसरीत संत्री निवडत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"येऊ द्या त्याईले, बाबा," तो म्हणाला. "चाहा तं पिऊन जाऊ द्या."