न दिलेली ओ

पोलीस सेवेत हाताळलेली बहुतेक प्रकरणे काळाच्या ओघात पुसट झाली. दोन सख्ख्या भावांचे एक प्रकरण मात्र आजही, देवपूजेला बसलो असतानासुद्धा, समोर येऊन उभे राहते. नावे सांगणार नाही. ती माणसे अजून त्याच गावात राहतात.

तेव्हा माझ्याकडे गोंदिया जिल्ह्यातील, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेले एक ठाणे होते. धानाची कापणी आटोपून भाऱ्यांचे पुंजणे, म्हणजे उंच ढीग, रचण्याचे दिवस होते. सकाळची हजेरी घेऊन मी नुकताच बसलो होतो. पर्यटकांना जंगल दाखवणारा एक तरुण गाइड डावा कान तळहाताने झाकून आत आला.

"दादानं मारलं जी. तवापासून या कानानं ऐकूच येत नाही."

त्याचा दादा त्या गावचा पोलीस पाटील होता. गावातील तंटे समजुतीने मिटवणारा, वेळेवर खबर देणारा, शब्दाचा पक्का माणूस. एका कानाची श्रवणशक्ती कायमची गेली, तर कायदा तिला गंभीर दुखापत मानतो. वैद्यकीय तपासणीत डाव्या कानाचे ऐकू येणे जवळजवळ संपल्याचे आणि ते परत येण्याची आशा नसल्याचे निष्पन्न झाले. गुन्हा दाखल करणे भाग होते. त्या कलमाखाली दोष सिद्ध झाला असता, तर पाटीलकी जाऊन तुरुंगवास ठरलेला होता. उपविभागीय कार्यालयाने त्याला लगेच निलंबितही केले.

पाटील स्वतःहून ठाण्यात आला. सवयीने खुर्चीकडे वळला, तेव्हा आमचे हवालदार म्हणाले, "पाटील, आज खुर्ची नाही. बाकावर बसा." तो मुकाट्याने बाकावर बसला.

"मारलेत का?" मी विचारले.

"मारलो जी. खोटं कायले बोलू?"

"कशासाठी?"

"मी पुंजण्यावर उभा होतो. भारे सरकाले लागले. खाली हा, डावा खांदा माझ्याकडं, पलीकडं ट्रॅक्टर चालू. दोर फेक, दोर फेक म्हणून बोंबलून राहिलो, त यानं मानच फिरवली नाही. भाऱ्यांसंग खाली आलो. उठलो अन् ठेवून दिली एक." थोडा वेळ तो आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. "लिहा साहेब. कान माझ्याच हातानं गेला."

आरोप नाकारणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले होते. आपण न केलेला गुन्हा इतक्या श्रद्धेने पत्करणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. अर्थात, कान त्याच्या थापडेने गेला नव्हता, हे त्या वेळी त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

साक्षीदार म्हणून त्यांच्या आईचा जबाब घेण्यास मी घरी गेलो. म्हातारी अंगणात सूप घेऊन बसली होती. धाकट्याची बाजू घ्यावी की थोरल्याची, हे तिला उमगत नव्हते. म्हणून ती दोघांनाही बोल लावत होती.

"मोठा तापट आहेच जी. पण हाबी काही कमी नाही. समुद्र पाहून आला तवापासून याले चरबी चढली. मी हाका मारून राहते, हा ओच देत नाही. जेवाले बलावलं तरी नाही. मी म्हटलं, माय आता गावंढळ वाटत असन."

"समुद्र पाहून कधी आला?"

"कापणीच्या आधी. दोस्तांसंग मालवणले गेलता."

जबाब लिहिणारा शिपाई पुढच्या प्रश्नाची वाट पाहत थांबला. माझ्या मनात मात्र त्या घटनेचा क्रमच उलटा झाला होता. थापड बसली ती ओ न दिल्यामुळे. आणि ओ तर तो थापडेच्या कितीतरी आधीपासून देत नव्हता.

मी जंगलाच्या प्रवेशद्वारावर गेलो. तेथील एक गाइड चहा पिता पिता हसत म्हणाला, "साहेब, उसका मामला अलग है. मालवणले तो हवेची टाकी पाठीले बांधून समुद्राखाली गेलता. आल्यावर वाघाच्या भेवानं चितळ डाव्या बाजूनं ओरडून राहिला, अन् यानं जिप्सी उजवीकडं वळवाले लावली. पर्यटक बी हसले, आमी बी हसलो. बहिरा गाइड म्हणत होतो त्याले."

"हे थापडेच्या आधी की नंतर?"

"आधी जी. कापणी बी लागली नोहती."

धाकट्याला ठाण्यात बोलावले. मी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "चितळ कोणत्या बाजूने ओरडते, हे तुला शेवटचे केव्हा नीट कळले होते?"

त्याचा चेहरा उतरला. मग हळूहळू सारे बाहेर आले. मालवणला गेला तेव्हा त्याला सर्दी होती. सर्दी आहे का, असे पाण्यात उतरण्यापूर्वी तेथील प्रशिक्षकाने विचारले होते. आपल्याला वर ठेवून मित्र खाली जातील, या भीतीने तो नाही म्हणाला. खोल जाताना कान दुखू लागला, तरी त्याने ठीक असल्याची खूण केली आणि नाक दाबून जोर लावला. आत काहीतरी फुटल्यासारखे झाले. वर आला तेव्हा भोवळ येत होती आणि कानात शिट्टी वाजत होती. ती शिट्टी थांबली नाही. त्या कानाने ऐकू येणे मात्र थांबले.

"डॉक्टरकडे का गेला नाहीस?"

"काम गेलं असतं जी. बहिऱ्या गाइडले कोण ठेवते?"

"आणि भावावर आळ का घेतलास?"

तो खाली पाहत म्हणाला, "माझ्या हौसेनं गेला म्हटलं असतं त लोक हसले असते. दादानं फोडला म्हटल्यावर रडले."

कानाच्या तज्ज्ञांनी सांगितले की पाण्याच्या दाबाने आतील कानाला अशी इजा होऊ शकते, आणि पहिल्या काही दिवसांत उपचार झाले असते तर कदाचित काही ऐकू येणे वाचलेही असते. आता उशीर झाला होता.

मी थोरल्याला आत बोलावून सर्व सांगितले. तो आनंदी होईल, निदान संतापेल, असे मला वाटले होते. त्याने धाकट्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मले सांगतलं असतं त मी हाक नसती मारली. हात हालवला असता."

धाकट्याने उत्तर दिले नाही. थोरला त्याच्या उजव्या, चांगल्या कानाच्या बाजूला उभा होता. म्हणजे उत्तर न देण्याचे कारण ऐकू न येणे हे नव्हते.

गंभीर दुखापतीचे कलम वगळल्याचा अहवाल मी न्यायालयाला सादर केला. निलंबन मागे घेण्याचा आदेशही निघाला. येथवर सारे शास्त्राप्रमाणे झाले. परंतु धाकटा ठाण्यात जे बोलला, ते गावात कधीच बोलला नाही. गावाने आपला अर्थ लावला: पोलिसांनी आपला पाटील वाचवला. पोरे त्याला मागून 'कानफोड्या' म्हणू लागली. एका घरचे भांडण मिटवायला तो गेला, तेव्हा तेथील बाई दारातूनच म्हणाली, "आधी घरचं पाहा पाटील." दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी समजावून पाहिले. तो "होय जी, होय जी" म्हणत ऐकत राहिला आणि कागद तेथेच ठेवून निघून गेला.

श्रवण ही भक्तीची पहिली पायरी, असे मला गुरुजींनी शिकवले होते. सत्य एकदा स्पष्ट उच्चारले की ते ऐकले जाते, अशी माझी त्यावरून भाबडी समजूत झाली होती. त्या प्रकरणाने ती घालवली. गुन्हा कोणी केला नाही, हे पोलीस सिद्ध करू शकतो. कोणाला निर्दोष मानायचे, हे मात्र गाव ठरवते, आणि त्या निकालावर अपील नसते.