माणूस असल्याचा पुरावा

भावाने अमेरिकेत घर बदललं तेव्हा त्याचा जुना फोन बंद झाला आणि नवा अजून यायचा होता. "काही लागलं तर यावर लिहा" म्हणून त्याने ईमेलचा पत्ता तेवढा दिला आणि मोकळा झाला. नेमकं त्याच आठवड्यात आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. तिचं एकच मागणं होतं, आत नेण्याआधी लेकाचा आवाज ऐकायचा.

म्हणून बाबा आणि मी वसमतच्या नेट कॅफेत गेलो. आमच्या घरातला हा पहिलाच ईमेल. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी नवं खातं उघडलं, शेजारच्या घरी लगेच फोन कर असा निरोप लिहिला, पाठवला. लगेच उत्तर आलं. बाबांचा चेहरा असा खुलला, की तो आठवला तरी माझं डोकं फिरतं.

कारण उत्तर भावाचं नव्हतं. त्याच्या खात्यावर बसवलेल्या यांत्रिक पहाऱ्याचं होतं. तुम्ही अनोळखी आहात, माणूस आहात हे आधी सिद्ध करा, मगच निरोप पोचेल.

"काय म्हणून राहिला त्यो?" बाबांनी विचारलं.

झाकता आलं असतं. पण मी इतकी भडकले होते की शब्दन् शब्द सांगितला.

आमच्या बौद्ध वस्तीतल्यांना गावच्या हॉटेलात बाहेर उभं राहून चहा प्यावा लागे, ते दिवस बाबांनी काढले होते. विटा वाहून याच पोराला शिकवलं होतं. ते म्हणाले, "सांग त्याला, माणूसच हाव म्हणून."

तेही सांगता येईना. चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायची होती आणि चित्रच उमटेना. नुसता रिकामा चौकोन, त्यात लाल फुली. "लाइन स्लो है, बैठो," कॅफेवाला म्हणाला. बसलो, तर वीज गेली. ती येईस्तोवर गावाकडची शेवटची एसटी लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आईला न्यायचं होतं.

नांदेडच्या दवाखान्यात आत नेईपर्यंत आई विचारत होती, फोन आला का.

शेजारच्या घरी भावाचा फोन आला तेव्हा तिचे टाकेसुद्धा निघाले होते. मला कळवलं का नाही म्हणून तोच चिडला. मी तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणे, लॉटरीच्या खोट्या मेलनी वैताग आणला होता, अनोळखी लोकांना थोपवायला ती सोय केली. अनोळखी लोक म्हणजे आम्ही.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"आल्तो बाबा तुझ्या दाराशी. माणूस हाव का म्हणून इचारलं. गावाला पटवता पटवता जलम गेला माझा. आता तुलाबी पटवू व्हय?"