खिडकीची जागा

रिटायर झाल्यावर आराम असतो असं म्हणणाऱ्याला एकदा आमच्या घरी दुपारी बसवायला हवं. दुपार सरता सरत नाही. टीव्हीवर भांडणं, मोबाइलवर सकाळपासून साचलेली सुप्रभातं. सोसायटीच्या बागेत हास्यक्लब आहे, पण कारण नसताना हसायचं माझ्या जिवावर येतं.

म्हणून आम्ही चौघं चिंचवडच्या त्या थांब्यावर जाऊन बसायचो, जिथून नोकरीभर कंपनीच्या बसने चाकणला गेलो. अंगात बहुधा कंपनीचाच जुना शर्ट, कारण ते कापड फाटता फाटत नाही. सेकंड शिफ्टची बस पोरांना घेऊन गेली की तिच्या ड्रायव्हरला नावं ठेवण्यात तासभर निघायचा.

कंपनीच्या बसमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असते. बाकावरही आम्ही त्याच क्रमाने बसायचो. माझ्या शेजारचा मूळचा चाकणजवळच्या निघोजे गावचा. बसमध्ये खिडकी त्याची. मी तापाने फणफणलो होतो तेव्हाही त्याने ती दिली नव्हती. "न्हाई राव, दुसरं काय बी माग. हितनं आमचं वावर दिसतं," म्हणायचा. वावर कधीच गेलं होतं, तिथे गोडाऊन उभं होतं. तरी रोज मान वळवून बघायचा.

अलीकडे तो विसरायला लागला होता. आम्ही ते हसण्यावारी नेत होतो. एका दुपारी बस आली आणि हा उठून सरळ आत चढला. अंगात कंपनीचा शर्ट, ड्रायव्हर नवा, कोण अडवणार? आपल्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथल्या पोराने म्हातारा माणूस म्हणून जागा दिली. आम्ही हाका मारेपर्यंत बस निघाली. शेवटी त्याचा मुलगा चाकणला जाऊन कंपनीच्या गेटवरून त्याला घेऊन आला.

तेव्हापासून त्याचं बाहेर जाणं बंद. मुलाचं तरी काय चुकलं? आता मीच त्याच्या घरी जातो. गॅलरीत दोन खुर्च्या असतात, ग्रिलजवळची त्याची.

"गाडी न्हाई आली व्हय अजून?" तो विचारतो.

सुरुवातीला मी समजावायचो, अरे, आपण रिटायर झालो. तो रुसून बसायचा आणि परत तेच विचारायचा. मी थकलो. आता म्हणतो, "आज सुट्टी आहे." मग तो निवांत होतो.

परवा लिफ्ट बंद होती. जिने चढून गेलो तेव्हा मला धाप लागली होती, गुडघे बोलत होते. तो माझ्याकडे बघत राहिला. ओळखलं की नाही, कोण जाणे. मग हळूहळू उठला आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस राव. आज खिडकीला तू बस. लई दमलास."

मी बसलो. खाली पार्किंग दिसत होतं. एवढी वर्षं मागितलेली जागा मिळाली होती आणि मला ती नको होती.