मागं न जाणारी गाडी

"घाई तुमाला हाय, मशीनला न्हाई."

मिस्त्रीला काही विचारलं की तो आधी हात पुसायचा. एकेक बोट वेगळं. दहावं बोट पुसून झालं की मग हे वाक्य यायचं. तोवर विचारणाऱ्याचा अर्धा जीव गेलेला असायचा. असा एखादा माणूस तुमच्याही बघण्यात असेल. तो बोलेपर्यंत आपण त्याच्या तोंडाकडं नाही, बोटांकडं बघत बसतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय नाही. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

मिस्त्री भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होता. शिपाई नव्हे, सिव्हिलियन. बायको-मुलगी बेलापूरला, हा इथं आमच्या बोळाच्या तोंडाशी खोली घेऊन एकटा. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या करायचा. ट्रकवाले नगरहून त्याच्याकडं यायचे, एवढं त्याच्या हाताचं नाव.

मी तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. बहात्तर साली लष्कराच्या लिलावात एक जुना अमेरिकन ट्रक घेतला आणि नोकरी सोडली. त्या ट्रकला क्लचचं पेडलच नव्हतं. गिअर आपोआप पडायचे. बघायला ही गर्दी! मी ऐटीत गाडी बोळात घातली आणि घराच्या दारापुढं उभी केली. सकाळी काढायला गेलो तर रिव्हर्स पडेना. इंजिन बोंबलतंय आणि गाडी तसूभर हलत नाही.

बोळ गाडीपेक्षा हातभर रुंद. वळवायला जागा नाही. माणसं पोट आत ओढून गाडीच्या कडेनं जायची. समोरची म्हातारी म्हणाली, "का रं, गाडी आनली का भिंत बांधली?"

दहा माणसं लावून ढकलून बाहेर काढता आली असती. पण बाहेर काढून करायचं काय? पुढचा गिअरही सरकायला लागला होता. तिसगावकडं दुष्काळी कामांवर पाणी पोचवायचं काम एका ठेकेदारानं मला देऊ केलं होतं. "दिवाळीच्या आत गाडी आन, न्हाईतर दुसरा बघतो," असं त्यानं सांगितलं होतं. दिवाळीला दोन महिने होते.

मिस्त्री आला, गाडीखाली झोपला, उठला, दहा बोटं पुसली. म्हणाला, "गिअरची पेटीच उघडायला लागंल. इथंच."

तीन फळ्या, दोन टायर, एक दोरखंड आणि शेजारचे चौघं. ती पेटी खाली घेताना एकाचा अंगठा चेचला. ओसरीवर बायकोचं जुनं लुगडं अंथरलं आणि मिस्त्रीनं आतला माल ओळीनं मांडला. पत्र्याच्या चकत्या, रिंगा, स्प्रिंगा. मला तर ते कुणाचं तरी पोट फाडून ठेवल्यासारखं दिसायचं.

पहिल्यांदा एक रिंग तुटलेली निघाली. तसली रिंग नगरात कुठली? त्यानं भंगारातून एक आणली, घासून बसवली. पेटी चढवली. गाडी वीतभर मागं आली आणि थांबली. पुन्हा उतरवली. दुसऱ्यांदा तेल नडलं. लागतं ते तेल मिळेना, दुसरं घातलं, त्याला साबणासारखा फेस आला. "माल खोटा हाय, माजा हात न्हाई," मिस्त्री म्हणाला. हे त्याचं खरं होतं. आपल्या हाताला तो फार जपायचा.

आता एक सांगतो. मी बायकोवर हात उचलायचो. गाडीवर असताना महिन्यातनं चार दिवस घरी, तेव्हा कमी. आता गाडी दारात अडकली, मी घरात अडकलो आणि ती बिचारी माझ्या हाताखाली. बाहेर पडायचं तरी गाडीच्या कडेनं, माझ्या डोळ्यांपुढून. एकदा मिस्त्रीनं तिला विचारलं, "वैनी, गालाला काय झालं?"

"फळी लागली," ती म्हणाली.

मिस्त्रीनं बोटं पुसली. पाच झाली, दहा झाली. पुन्हा पहिल्या बोटापासून पुसायला लागला.

खंडेनवमीला पान्या-हातोड्यांची पूजा झाली. नारळ मीच फोडला. दसरा झाल्यावर तिसऱ्यांदा पेटी चढवली. या वेळी सगळा बोळ जमला होता. मी रिव्हर्स टाकला आणि गाडी मागं आली! पोरांनी आरडाओरडा केला. मग पुढचा गिअर टाकला, तर ढिम्म. आता मागं येते, पुढं जात नाही.

"पाव्हनं," शेजारी म्हणाला, "तिसगावला उलटंच जा. वाटेत कोन भेटतं ते तरी दिसंल."

सगळे हसले. मी खाली उतरलो आणि मिस्त्रीला सगळ्यांपुढं बोललो. "लष्करात तुला भांडी घासायला ठिवलाय व्हय रं?" माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. तो गाडीखाली सरकला.

दुसऱ्या दिवशी मी रॉकेल आणायला गेलो होतो. परत आलो तर मिस्त्री ओसरीवर उभा. हात पुसले नव्हते. तेलकट हातानंच बोलला. "माजी चूक. स्प्रिंग उलटी बसवली हुती."

मला तर हत्यारच मिळालं. गाडी दिवाळीच्या आधी चार दिवस बोळातून निघाली. मागं उभा राहून हातानं खूण करत मिस्त्रीनंच ती काढून दिली. मी काच खाली करून त्याला एक शब्द बोललो नाही. पुढं बाजारात, चहाच्या टपरीवर, प्रत्येक ड्रायव्हरला सांगत सुटलो, "म्हातारा स्प्रिंगा उलट्या बसिवतो." त्याच्याकडं गाड्या यायच्या बंद झाल्या. पुढं तो नोकरी संपवून बेलापूरला गेला, एवढंच कानावर आलं.

या वर्षी बायको अंथरुणाला खिळली. एका दुपारी पाणी पाजताना म्हणाली, "त्या मिस्त्रीची चूक नव्हती बरं का."

पेटीतला तेलाच्या वाटांचा एक ठोकळा मिस्त्री फडक्याखाली झाकून ठेवायचा. याला हात लावू नका, म्हणून बजावलेलं. खंडेनवमीला मी आणि मिस्त्री बाहेर पडल्यावर हिनं फडकं उचललं आणि त्यावर हळद-कुंकू, अक्षता वाहिल्या. गाडी एकदाची निघू दे, हा माणूस घरातून बाहेर पडू दे, एवढंच मागितलं. मग सगळं पुसून घेतलं. तांदळाचा एक दाणा आत राहिला आणि पुढच्या गिअरची तेलाची वाट अडली. मी रॉकेलला गेलो तेव्हा मिस्त्रीला तो सापडला. कुंकवानं लाल झालेला. ही रडायला लागली.

मिस्त्री म्हणाला, "वैनी, चूक माज्या नावावर ऱ्हाऊ द्या. मला कोन मारनार न्हाई."

हे ऐकून मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ती गेल्यावर महिन्यानं बेलापूरला गेलो. मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीनं दार उघडलं. तीही आता पिकलेली. खुर्ची दिली, चहा ठेवला.

"बाबांनी इथं गाडीला हात नाही लावला," ती म्हणाली. "सायकली दुरुस्त करायचे. विचारलं की म्हणायचे, एकदा माझ्याकडून स्प्रिंग उलटी बसली, तेव्हापासून भरवसा वाटत नाही."

घरातसुद्धा त्यानं तेच सांगितलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. दाण्याचं आणि माझ्या हाताचं. चहावर साय धरली. मग तिनं एवढंच विचारलं, "आणि काकू? त्या कशा आहेत?"

"गेली," मी म्हणालो. सुटली म्हणणार होतो. जीभ उचलली नाही.