मुके झालेले भोंगे

"मागेल त्यालाच वाढावं. न मागणाऱ्याच्या ताटात टाकलेलं अन्न वाया जातं, आणि वाढणाऱ्याचा हात दुखतो तो वेगळाच."

माझा थोरला चुलतभाऊ हे इतक्यांदा म्हणायचा, की त्याच्या घरातल्या भांड्यांनासुद्धा ते पाठ झालं असेल. वहिनीने चहा टाकू का विचारलं की हेच. शेजाऱ्याने बिनमागता सल्ला दिला की हेच. त्याला कोणी दुसऱ्यांदा काही विचारलं तर तो पहिल्या वेळचं उत्तरही परत घ्यायचा.

आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो ज्या बसस्थानकावर कामाला होता तिथे मात्र त्याचं नाव एरंडेल पडलं होतं. सकाळी कामावर येताना त्याचा चेहरा असा असायचा, की कोणी तरी दाराआड धरून वाटीभर पाजलं असावं. हे नाव त्याच्या कानावर गेलेलं होतं. तो म्हणायचा, एरंडेलाने माणूस मोकळा होतो, हे नाव ठेवणारे विसरले.

त्याचं काम तारांचं. तिकिटांच्या खिडक्यांवरची यंत्रं, छताखालचे कॅमेरे, फलाटांवरचे भोंगे, या सगळ्यांच्या तारा भिंतींमधून सरपटत जिन्याखालच्या एका अरुंद खोलीत येत. तिथे काचेच्या दाराचं लोखंडी कपाट होतं आणि त्यात एकावर एक चपट्या पेट्या. प्रत्येक पेटीला ओळीने भोकं, प्रत्येक भोकात एक तार, आणि तारेशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा लुकलुकणारा. या पेटीला स्विच म्हणतात. पंख्याच्या बटणाशी तिचं नातं नाही. ती पोस्टमनच्या गणगोतातली. कुठून आलेलं काय कोणाच्या दारात टाकायचं, एवढंच ती दिवसभर करते.

मला हे ठाऊक असण्याचं कारण असं, की तेव्हा दाढा काढून घ्यायला मी दादा-वहिनीच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो होतो. तोंड सुजून भोपळा झालेलं, बोलायची मनाई. गोष्टी सांगून माणसं बसवून ठेवणारा मी, स्थानकातल्या बाकावर नुसता ऐकत बसायचो. बाक वहिनीच्या खोलीसमोर होता.

वहिनी तिथेच घोषणा करायची. तीन बाजूंनी काच, एक टेबल, एक माईक आणि एक लाल बटण. बटण दाबून धरलं की तिचा आवाज सगळ्या फलाटांवर उतरायचा. ओरडण्याचा आवाज नव्हता तो. विहिरीत सोडलेल्या घागरीचा दोर जसा न अडखळता सरळ खाली जातो, तसा जायचा. कुठली गाडी, कुठला फलाट, किती वाजता. म्हातारी माणसंसुद्धा एकदा ऐकून उठायची.

त्या वर्षी स्थानकात नवे कॅमेरे बसले आणि कटकट सुरू झाली. कॅमेऱ्याची चित्रं एकाच वेळी अनेकांना बघता यावीत म्हणून एका खास तऱ्हेने पाठवतात. तिला मल्टिकास्ट म्हणतात. वहिनीचा आवाजही तसाच जायचा, एक बोलणार आणि अनेक भोंगे ऐकणार. पण स्विचला नीट सांगून ठेवलं नसेल तर तो बापडा प्रत्येक दारात सगळंच ओततो. तिकिटाच्या यंत्रांना कॅमेऱ्यांची चित्रं नको होती. तरी ती त्यांच्या तोंडात कोंबली जात होती, आणि एक तिकीट निघेपर्यंत माणसाची जांभई देऊन व्हायची. रांगा फाटकापर्यंत गेल्या. खिडकीवरच्या कारकुनांना लोक काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दादाने उपाय केला, आणि त्या दिवशी तो मला चक्क हसताना दिसला. स्विचमध्ये स्नूपिंग नावाची एक सोय असते. ती चालू केली की स्विच कान देऊन ऐकतो, कोणत्या तारेवरून कोण काय मागतंय, आणि जे मागितलं तेवढंच त्या तारेवर सोडतो. दादा म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मताचं यंत्र भेटलं. तिकिटं धडाधड निघू लागली. साहेबांनी, म्हणजे स्थानकप्रमुखांनी, त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप त्याला आवडली नाही, पण तो सरकला नाही.

मग भोंगे मुके होऊ लागले.

वहिनी बोलायची आणि फलाटावर काही यायचं नाही. गाडी निघून जायची. माणसं पिशव्या सांभाळत काचेवर येऊन भांडायची. वहिनी दादाला निरोप धाडायची. दादा पाय आपटत यायचा, जिन्याखालच्या खोलीतून भोंग्यांची वीज बंद करून पुन्हा चालू करायचा आणि म्हणायचा, बोल आता. वहिनी बोलायची, भोंगे खणखणायचे. "चालतंय की," म्हणून तो परत जायचा. तो फाटकापर्यंत पोचून कपभर चहा प्यायचा, एवढ्यात भोंगे पुन्हा मुके. पुन्हा निरोप, पुन्हा पाय आपटणं, पुन्हा खणखणीत. मी बाकावरून बघत होतो आणि माझ्या दाढेपेक्षा हे जास्त ठणकत होतं. तो आला की रोग पळायचा, तो गेला की परतायचा. हळूहळू दोघांनीही एकमेकांकडे बघणं सोडलं.

साहेबांनी दादाला बोलावून विचारलं. दादाने सांगितलं, दोष यंत्रात नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलेलं त्याला चालत नसेच. तो म्हणाला, मी जातो तेव्हा चालतं, म्हणजे यंत्र ठीक आहे. बटण नीट दाबून धरलं जात नसेल.

साहेबांकडे त्याच सुमाराला एक विक्रेता खेपा घालत होता. त्याच्या पेटीत एक तयार आवाज होता. तो थकत नाही, रजा मागत नाही, असं विक्रेता सांगायचा. साहेबांनी मनाशी ठरवलं. वहिनीची नेमणूक वर्षावर्षाने वाढवली जायची. या वेळी वाढवायची नाही. त्यांनी तिला तसं तोंडी सांगितलं आणि कारणही सांगून टाकलं.

त्या दिवशी घरी ताटं वाढून झाली तरी कोणी बसेना.

"माझं बोट नीट नाही, असं तुम्ही साहेबांना सांगितलंत?"

"बोट म्हणालो नाही. बटण म्हणालो."

"बटण काय वारा येऊन दाबतो?"

दादा बसला आणि त्याने ताट पुढे ओढलं. मी जिभेने सुजलेली हिरडी चाचपत बसलो; बोलता येत नाही याचं मला तेव्हा प्रथमच बरं वाटलं.

"अहो, इतकी वर्षं मी ते बटण दाबतेय. कधी एक गाडी चुकली? कॅमेरे आले, तुम्ही तुमचं ते काय चालू केलंत, आणि माझं बोट बिघडलं होय?"

"मी स्वतः तपासलंय."

"तुम्ही तपासता तेव्हा चालतं. तेच तर म्हणतेय मी. मास्तरांसमोर शहाणं आणि पाठीमागे उनाड, असं पोर असतं ना, तसंय ते." मग ती म्हणाली, "उद्या तुम्ही बसा काचेत. मी फलाटावर उभी राहते. आणि आधी त्या जिन्याखाली जाऊन काही बंद-चालू करायचं नाही."

"मला कामं आहेत."

"मलाही होतं एक. ते जायला आलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा काचेत बसला. खुर्ची त्याला बुटकी पडत होती, गुडघे टेबलाला लागत होते. वहिनी समोरच्या फलाटावर हाताची घडी घालून उभी राहिली. गाडी लागली. दादाने बटण दाबलं आणि कागद वाचावा तशी घोषणा केली. भोंग्यातून चिमणी चिवचिवण्याएवढाही आवाज नाही. वहिनी हलली नाही. दादा पुन्हा बोलला, या वेळी माईकवर झुकून. तिसऱ्यांदा इतक्या जोरात, की काचेतून मला ऐकू आलं. पण फलाटावर शांतता. गाडीने वळण घेतलं आणि ती गेली.

मग एक धिप्पाड गृहस्थ आला. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हाताने त्याने काच बडवली.

"गाडी गेली आमची. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात का?"

"मी तीनदा बोललो."

"कोणाशी? स्वतःशी?"

पाठोपाठ आणखी चौघे जमले. एका बाईंनी दादाला झोपाळू म्हटलं. त्याला आतापर्यंत पुष्कळ नावं ठेवलेली मी ऐकली होती, पण हे नाव नव्हतं. सगळं निवळल्यावर वहिनी सावकाश आली, काचेचं दार ढकललं आणि म्हणाली, "बोट दाखवा बघू."

त्याने दाखवलं. दाबून दाबून टोक पांढरं पडलं होतं. तिने ते बघितलं आणि ती आपल्या खुर्चीपाशी उभी राहिली, तो उठेपर्यंत.

दादा जिन्याखाली गेला, मी त्याच्यामागे. त्याने आपला लॅपटॉप स्विचला जोडला आणि मांडीवर घेऊन बसला. बराच वेळ तो पडद्यावरच्या ओळी वरखाली करत राहिला. मग एका जागी थांबला, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते मी पुन्हा उच्चारणार नाही. ते त्याने स्वतःलाच उद्देशून म्हटलं होतं.

त्याने मला समजावलं ते असं. भोंगा सुरू होतो तेव्हा एकदा मागणी करतो, मला आवाज हवाय. स्विच ते ऐकतो आणि दार उघडतो. पण भोंगे असे, की एकदा मागून गप्प बसतात. मधून मधून कोणी तरी हाक द्यावी लागते, अजून कोण ऐकतंय? मग ते म्हणतात, मी. ही हाक कोणीच दिली नाही, तर स्विचला वाटतं की ऐकणारे उठून गेले, आणि चारेक मिनिटांनी तो दार लावून घेतो. पुढे वहिनीने कितीही बटण दाबलं तरी आवाज बंद दारावर आपटणार. दादा यायचा, वीज बंद-चालू करायचा, भोंगे नव्याने मागणी करायचे, दार उघडायचं. म्हणून त्याची प्रत्येक तपासणी खरी ठरायची आणि प्रत्येक निष्कर्ष खोटा.

हाक द्यायचं काम कोणत्या तरी एका स्विचला नेमून द्यायचं असतं. ते सेटिंग त्याच्यासमोर आलं होतं. त्याने ते स्वतःच्या हाताने बंद ठेवलं होतं. एकदा मागितलं ते मागितलं, सारखं सारखं काय विचारायचं, असं त्याला वाटलं होतं.

"मूर्खपणा," तो म्हणाला. कोणाचा ते म्हणाला नाही.

सगळ्यात वरच्या स्विचला त्याने ते काम दिलं. मग आम्ही फलाटावर जाऊन उभे राहिलो. वहिनीने एक गाडी सांगितली, मग दुसरी. दुपार कलली. भोंगे बोलत राहिले. दादा काही त्यामुळे खूश दिसला नाही. एक काम अजून उरलं होतं, आणि ते तारांचं नव्हतं.

साहेबांच्या खोलीत मी नव्हतो. दाराशी बसणाऱ्या शिपायाने सांगितलं ते सांगतो. चुकलेल्या गाड्यांबद्दल वरून विचारणा आली होती आणि साहेबांनी घोषणा करणाऱ्या बाईंकडे बोट दाखवून ठेवलं होतं. दादा म्हणाला, ते खोटं आहे. साहेब वैतागले. तुम्हीच छातीठोक सांगितलंत, मी पुन्हा विचारलं तर तुम्ही माझ्यावर खेकसलात, असं ते म्हणाले.

"खेकसलो," दादा म्हणाला. "पण बाईंचं बोट ठीक आहे. चूक माझ्या हातची आहे. वर तसं कळवा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. एक तर वरच्यांना पुन्हा तोंड द्यायचं, त्यात विक्रेत्यालाही परत पाठवायचं. शेवटी त्यांनी दोन्ही केलं. वहिनीची नेमणूक वाढली. पण कोणी तरी जबाबदार दाखवायला हवं होतं, आणि एकाच घरातली दोन माणसं एकाच तारेच्या दोन टोकांना मला पुन्हा नकोत, असं सांगून त्यांनी दादाला शहराबाहेरच्या दुरुस्तीच्या आगारात टाकलं. तिथे गाड्या धुतात, इंजिनं उघडतात. त्याच्या कामाची म्हणावी अशी एकच पेटी तिथे होती, तीही ग्रीसने माखलेली.

वहिनीला हे शिपायाकडून कळलं. ती तडक जिन्याखाली आली; मी तिथेच होतो.

"मला विचारलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं. नेमणूक माझी, बोल माझ्या बोटाला, आणि निस्तरलं कसं ते मला शिपायाने सांगायचं?"

"मग काय करायला हवं होतं?"

"काय करायला हवं होतं ते सोडा. आधी विचारायला हवं होतं." तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला रागच येत होता. "रोज दोन बस बदलून जाणार आहात. गुडघा दुखतो म्हणून मलाच सांगणार आहात."

दादाने कपाटाचं दार लावलं, किल्ली काढली, बघितली, आणि तिच्या हातात दिली. नवा माणूस आला की त्याला दे म्हणाला. मग पिशवी खांद्याला लावली. ती मागे वळून काचेच्या खोलीत गेली, कारण गाडी लागली होती.

तो फलाटाच्या कडेकडेने निघाला. माणसांचं येण्या-जाण्याचं दार दुसरीकडे होतं, पण तो गाड्यांच्या वाटेने गेला, भिंतीला धरून, डावा पाय जरा जपून टाकत. मागून येणाऱ्या गाडीने हॉर्न दिला. तो लगेच बाजूला झाला नाही, आणि चालकाने पुन्हा हॉर्न न देता गाडी हळू केली. वहिनी बटण दाबून बोलत होती. गाडी, फलाट, वेळ. आवाज कुठे थरथरला नाही. तिची नजर मात्र टेबलावरच्या कागदावर नव्हती. एक प्रवासी काचेवर टकटक करत होता, तिने त्याला हातानेच थांबवलं. बाकावर परतलेला मी उठून उभा राहिलो, म्हणजे मला तो थोडा जास्त वेळ दिसला. फाटकाशी तो डावीकडे वळला आणि त्याच्यामागून ती गाडी.